क्रिकेट व्हिडिओ गेममधील वास्तवता आणि वातावरण

क्रिकेट व्हिडिओ गेम म्हणजे क्रिकेटच्या सामन्याचे संगणक, कन्सोल अथवा मोबाइलच्या पडद्यावर केलेले अनुकरण होय. अशा गेमची परस्परांशी तुलना करताना प्रामुख्याने दोन कसोट्या लावल्या जातात. चेंडूची उसळी, फटक्याची वेळ, खेळपट्टीची झीज आणि क्षेत्ररक्षणाची रचना या गोष्टी मैदानावरील खेळाशी किती जुळतात, ही वास्तवतेची कसोटी. समालोचकाचा आवाज, प्रेक्षकांचा गलका, संघांची नावे आणि गणवेश यांमुळे आपण खऱ्याच सामन्यात आहोत असा भास कितपत होतो, ही वातावरणाची कसोटी. या दोन्ही कसोट्यांवर सारखेच उतरणारे गेम थोडे आहेत. २००६ मध्ये प्रकाशित झालेला 'क्रिकेट ०७' मुख्यतः वातावरणासाठी ओळखला जातो, तर २०१४ चा 'डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४' फलंदाजी व गोलंदाजीच्या वास्तव अनुकरणासाठी.

भारतात, विशेषतः मुंबई व तिच्या उपनगरांत, या विषयाला आणखी एक बाजू आहे. येथे क्रिकेट गल्लीत खेळले जाते आणि दूरचित्रवाणीवर पाहिले जाते. व्हिडिओ गेमने यांपैकी प्रामुख्याने दूरचित्रवाणीवरील क्रिकेटचे अनुकरण केले आहे.

## इतिहास

### आरंभ

१९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये घरगुती संगणकांसाठी क्रिकेटचे गेम तयार होऊ लागले. १९९२ मध्ये मेलबर्नच्या बीम सॉफ्टवेअरने निन्टेन्डोच्या आठ-बिट कन्सोलसाठी 'इंटरनॅशनल क्रिकेट' हा गेम केला. याच काळात भारतीय घरांत 'समुराई', 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशा नावांनी त्याच कन्सोलच्या नकला विकल्या जात. मुंबईच्या मुलांच्या पिढीला 'टीव्ही गेम' हा शब्द या यंत्रांमुळे परिचित झाला.

इंग्लंडच्या ऑडिओजेनिक कंपनीचा 'ग्रॅहम गूच वर्ल्ड क्लास क्रिकेट' हा १९९३ चा गेम ऑस्ट्रेलियात 'ॲलन बॉर्डर्स क्रिकेट' या नावाने विकला गेला. गेम एकच, परंतु देशागणिक मुखपृष्ठावरील क्रिकेटपटू वेगळा, ही प्रथा पुढेही चालू राहिली.

### ब्रायन लारा मालिका

वेस्ट इंडीजच्या ब्रायन लारा याने १९९४ मध्ये कसोटीत ३७५ आणि प्रथम श्रेणीत नाबाद ५०१ धावांचे विक्रम केले. त्यानंतर कोडमास्टर्स कंपनीने त्याच्या नावाने गेमची मालिका काढली. १९९९ च्या आवृत्तीत जोनाथन ॲग्न्यू आणि जेफ्री बॉयकॉट यांचे समालोचन होते. ऑस्ट्रेलियात ही आवृत्ती शेन वॉर्नच्या नावाने निघाली. २००७ ची आवृत्ती ऑस्ट्रेलियात 'रिकी पाँटिंग इंटरनॅशनल क्रिकेट २००७' आणि भारतात 'युवराज सिंग इंटरनॅशनल क्रिकेट २००७' झाली.

### क्रिकेट ०७

कॅनडातील एचबी स्टुडिओज या संस्थेने ईए स्पोर्ट्ससाठी तयार केलेला 'क्रिकेट ०७' विंडोज संगणक व प्लेस्टेशन २ यांसाठी नोव्हेंबर २००६ मध्ये आला. रिची बेनॉ आणि मार्क निकोलस यांचे समालोचन हे त्याचे मोठे आकर्षण होते. साध्या घरगुती संगणकावरही चालत असल्याने भारतात तो दीर्घकाळ खेळला गेला. भारतासह काही देशांच्या संघांचा परवाना प्रकाशकाकडे नव्हता. त्यामुळे या संघांत क्रिकेटपटूंची खरी नावे नव्हती.

ही उणीव चाहत्यांनी भरून काढली. खरी नावे, चेहरे, गणवेश, बॅटवरील चिन्हे व मैदाने असलेल्या सुधारित फाइली म्हणजेच 'पॅच' त्यांनी तयार करून विनामूल्य वाटले. इंडियन प्रीमियर लीग २००८ मध्ये, म्हणजे या गेमनंतर सुरू झाली, तरीही पॅचच्या साहाय्याने तिचे संघ या गेममध्ये खेळवता येऊ लागले. ईएने यानंतर संगणक व कन्सोलसाठी क्रिकेटचा नवा गेम काढला नाही. जुना गेम चाहत्यांच्या श्रमांवर टिकून राहिला.

### डॉन ब्रॅडमन क्रिकेट आणि नंतरचे गेम

२०१३ च्या ॲशेस मालिकेसाठीचा 'ॲशेस क्रिकेट २०१३' हा गेम नोव्हेंबरमध्ये विक्रीस आल्यावर, त्यातील ढोबळ दोषांमुळे काही दिवसांतच मागे घेण्यात आला. क्षेत्ररक्षक व चेंडू यांच्या विचित्र हालचालींच्या चित्रफिती तेव्हा मोठ्या प्रमाणावर पाहिल्या गेल्या.

पुढील वर्षी मेलबर्नच्या बिग ॲन्ट स्टुडिओजने 'डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४' आणला. त्यात एका नवोदित क्रिकेटपटूची संपूर्ण कारकीर्द खेळता येई. 'क्रिकेट अकादमी' या सुविधेमुळे संघ व क्रिकेटपटू घडवून इतरांना देता येत. पूर्वी जे काम पॅच करणाऱ्यांना आडमार्गाने करावे लागे, त्याला येथे गेममध्येच अधिकृत जागा मिळाली. याच संस्थेने पुढे 'ॲशेस क्रिकेट' (२०१७), 'क्रिकेट १९', 'क्रिकेट २२' आणि 'क्रिकेट २४' हे गेम केले. २०१७ च्या गेममध्ये इंग्लंड व ऑस्ट्रेलियाचे महिला संघही अधिकृत परवान्यासह होते.

### भारतीय गेम

स्मार्टफोनच्या प्रसारानंतर भारतात क्रिकेट गेमची निर्मिती वाढली. चेन्नईच्या नेक्स्ट वेव्ह मल्टिमीडियाची 'वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप' ही मालिका त्यांत प्रमुख आहे. मुंबईस्थित नझारा टेक्नॉलॉजीजने पुढे या कंपनीत बहुसंख्य भागभांडवल घेतले. नॉटिलस मोबाइलची 'रिअल क्रिकेट' ही दुसरी लोकप्रिय मालिका होय.

पुण्याच्या जेटसिंथेसिस कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये 'सचिन सागा क्रिकेट चॅम्पियन्स' हा गेम प्रकाशित केला. सचिन तेंडुलकर यांच्या कारकिर्दीतील सामने खेळणे ही त्याची मध्यवर्ती कल्पना आहे. तेंडुलकर यांचे बालपण वांद्रे (पूर्व) येथील साहित्य सहवास या मराठी साहित्यिकांच्या वसाहतीत गेले. त्यांचे वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक व कवी होते.

## वास्तवतेचे घटक

### फलंदाजी

ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत सुमारे अर्ध्या सेकंदात पोहोचतो. प्रत्यक्षात फलंदाज गोलंदाजाचे मनगट, चेंडूची शिवण आणि त्याचा मार्ग यांवरून अंदाज बांधतो. पडद्यावर यांतील बारकावे दिसत नाहीत. म्हणून जुन्या गेममध्ये चेंडू जेथे पडणार ती जागा खेळपट्टीवर खुणेने आधीच दाखवत. या सोयीमुळे खेळणे सुकर झाले, परंतु गोलंदाजाने फलंदाजाला फसवण्याची शक्यता कमी झाली. टप्पा आधीच ठाऊक असल्यावर पुढे सरसावून उंच फटका मारणे सोपे होई आणि षटकार स्वस्त होत.

'डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४' मध्ये फलंदाजाच्या मागून दिसणारे दृश्य वापरले गेले. चेंडू हातातून सुटताना त्याची लांबी ओळखणे आणि पायांची व बॅटची दिशा वेगवेगळी ठरवणे यांवर त्यात भर होता. परिणामी नवख्या खेळणाऱ्याला पहिल्या काही षटकांतच बाद होण्याचा अनुभव येई.

### खेळपट्टी, हवामान आणि वेळ

बास्केटबॉलचे मैदान साधारणपणे ठरावीक मापाचे असते. क्रिकेटमध्ये २२ यार्डांची खेळपट्टी सोडली, तर मैदानाचा आकार व माप ठिकाणानुसार बदलते. माती, गवत, दमटपणा आणि जुना होत जाणारा चेंडू यांचाही खेळावर परिणाम होतो. पाच दिवसांच्या कसोटीत दिवसाला ९० षटके धरली, तर एकूण २,७०० चेंडू होतात. हा सारा काळ पडद्यासमोर खेळणे बहुतेकांना शक्य नसल्याने गेममध्ये षटकांची संख्या कमी ठेवण्याची सोय असते. मात्र षटके कमी केली की खेळपट्टीची झीज, फिरकीला मिळणारी मदत आणि सामना अनिर्णित राखण्यासाठी करावा लागणारा बचाव यांचे महत्त्व घटते. कसोटी क्रिकेटचे अनुकरण मर्यादित षटकांच्या सामन्यापेक्षा अवघड ठरते, त्याचे हे एक कारण आहे.

## वातावरणाचे घटक

### समालोचन

गेमसाठी समालोचकाची वाक्ये आधी ध्वनिमुद्रित केली जातात आणि घटनेनुसार वाजवली जातात. वाक्यांचा साठा मर्यादित असेल तर तेच शब्द वारंवार ऐकू येतात. 'क्रिकेट ०७' मधील बेनॉ यांची वाक्ये अनेक खेळणाऱ्यांना पाठ झाली होती. पुनरुक्ती हा एरवी दोष, परंतु ओळखीच्या आवाजामुळे येथे त्याच वाक्यांना आठवणींचे मोल आले.

'क्रिकेट ०७' व 'डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४' यांचे समालोचन इंग्रजीत आहे. भारतीय मोबाइल गेमनी हिंदी समालोचनही आणले. मराठी श्रोत्याच्या दृष्टीने समालोचनाची परंपरा आकाशवाणीपासून सुरू होते आणि ती प्रामुख्याने बाळ ज. पंडित यांच्या नावाशी जोडली जाते. चौकार, षटकार, झेल, पायचीत, यष्टिचीत, निर्धाव षटक हे शब्द रेडिओ आणि वृत्तपत्रांनी घरोघरी रुजवले. २०२३ मध्ये जिओसिनेमाने इंडियन प्रीमियर लीगचे मराठी समालोचन उपलब्ध करून दिले. व्हिडिओ गेमच्या प्रमुख मालिकांवर मात्र ही परिभाषा घडवणाऱ्या परंपरेचा ठसा उमटलेला नाही.

### प्रेक्षक आणि दृश्य

गेममधील दृश्ये बहुधा दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणासारखी रचलेली असतात. गोलंदाजाच्या मागील कॅमेरा, धावफलकाची पट्टी, फटक्याचे संथ गतीतील पुनर्दर्शन आणि चेंडूच्या मार्गाची आकृती ही सर्व प्रक्षेपणाची अंगे आहेत. प्रत्यक्ष मैदानावरील प्रेक्षकाला किंवा खेळणाऱ्याला सामना असा दिसत नाही. म्हणून एखादा गेम 'खराखुरा वाटतो' असे म्हटले जाते, तेव्हा तो दूरचित्रवाणीवरील सामन्यासारखा वाटतो, असा त्याचा अर्थ पुष्कळदा असतो.

## बास्केटबॉल गेमशी तुलना

खेळांच्या गेममध्ये वास्तवता व वातावरण यांची चर्चा बास्केटबॉलच्या संदर्भातही बरीच झाली आहे. १९९३ चा 'एनबीए जॅम' हा दोन विरुद्ध दोन खेळाडूंचा गेम वास्तवतेचा दावा करत नव्हता. त्यात खेळाडू अशक्य उंच उड्या मारत आणि सलग तीन वेळा चेंडू टाकणाऱ्याच्या हाती चेंडू पेट घेई. टिम किट्झरो यांच्या आवाजातील उद्गारांनी त्याचे वातावरण घडवले. डेट्रॉइट पिस्टन्सविरुद्धच्या अटीतटीच्या सामन्यात शिकागो बुल्सचे अखेरचे फटके चुकावेत, अशी तजवीज आपण संगणकीय आज्ञावलीत केल्याचे या गेमचे प्रमुख रचनाकार आणि पिस्टन्सचे चाहते मार्क टर्मेल यांनी नंतर सांगितले.

१९९९ मध्ये सुरू झालेल्या 'एनबीए २के' मालिकेने दुसरी वाट धरली. तिच्या काही आवृत्त्यांत सामन्यापूर्वीचा स्टुडिओतील कार्यक्रमही प्रत्यक्ष सूत्रसंचालकांसह दाखवला जातो. २०२३ च्या आवृत्तीत खऱ्या सामन्यांच्या चित्रफितींवरून खेळाडूंच्या हालचाली तयार करण्याचे तंत्र वापरले गेले. प्रतिस्पर्धी 'एनबीए लाइव्ह' मालिकेतील 'एनबीए एलिट ११' हा गेम मात्र २०१० मध्ये प्रकाशनापूर्वीच रद्द झाला. त्याच्या चाचणी आवृत्तीत एक खेळाडू हात पसरून मैदानाच्या मध्यभागी निश्चल उभा राहत असे.

बास्केटबॉल गेमला एकाच मोठ्या लीगचा परवाना मिळाला की बहुतेक नावे व चेहरे उपलब्ध होतात. क्रिकेटमध्ये प्रत्येक देशाचे मंडळ व प्रत्येक लीग यांच्याशी स्वतंत्र करार करावे लागतात. खऱ्या नावांचा प्रश्न क्रिकेट गेममध्ये अधिक तीव्र होण्याचे हे प्रमुख कारण आहे.

## मुंबई उपनगरे आणि स्थानिक क्रिकेट

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांतील सोसायट्यांच्या आवारात खेळल्या जाणाऱ्या क्रिकेटचे नियम जागेनुसार ठरतात. एक टप्पा पडून झेल घेतल्यास बाद, भिंतीपलीकडे चेंडू गेल्यास बाद, काच फुटल्यास डाव बंद, असे संकेत सर्वपरिचित आहेत. अंडरआर्म आणि टेनिस चेंडूच्या स्पर्धा प्रकाशझोतात होतात आणि ध्वनिक्षेपकावरून त्यांचे मराठीत समालोचन केले जाते. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात झालेल्या इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगने टेनिस चेंडूच्या क्रिकेटला व्यावसायिक रूप दिले.

मुंबईच्या क्रिकेटचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे १९४८ पासून पावसाळ्यात खेळली जाणारी डॉ. एच. डी. कांगा लीग. ओल्या, न झाकलेल्या खेळपट्टीवर अवचित उसळणारा किंवा खाली राहणारा चेंडू आणि वाढलेल्या गवतात अडणारा फटका, यांवर मुंबईच्या अनेक फलंदाजांचे तंत्र घडले, असे मानले जाते.

क्रिकेट गेममधील हिरवीगार, समतल मैदाने व भरलेली प्रेक्षागृहे यांच्याशी हे क्रिकेट जुळत नाही. खेळपट्टी व हवामान निवडण्याची सोय असलेले गेमही मुख्यतः आंतरराष्ट्रीय मैदानांचाच आदर्श समोर ठेवतात.

## टीका आणि मूल्यमापन

क्रिकेट गेमवरील टीकेत काही मुद्दे वारंवार येतात. संगणकाच्या ताब्यातील संघ परिस्थितीनुसार खेळ बदलत नाही. क्षेत्ररक्षकांच्या हालचाली तुटक वाटतात. बॅटची कड लागून उडणारे झेल एकतर फार कमी किंवा फार जास्त असतात. मोबाइल गेममध्ये पैसे देऊन बॅट व क्रिकेटपटूंचे गुण वाढवण्याच्या सोयीमुळे कौशल्याचे महत्त्व घटते, असाही आक्षेप घेतला जातो.

दुसरीकडे, वास्तवतेत मागे पडूनही 'क्रिकेट ०७' वर्षानुवर्षे खेळला गेला. खेळणाऱ्यांनी त्यात आपल्या संघाची खरी नावे स्वतः भरली. चेंडूची गती व उसळी यांचे गणित निर्मात्यांना सोडवता येते, परंतु आपल्या माणसांची नावे आणि ओळखीचे आवाज नसतील तर सामना आपला वाटत नाही, हे या चाहत्यांच्या श्रमांतून दिसून येते.