‘ऑल द यंग ड्यूड्स’ : मोडत्या बँडला सावरणारे गीत

‘ऑल द यंग ड्यूड्स’ हे ‘मॉट द हूपल’ या ब्रिटिश रॉक बँडचे सर्वाधिक गाजलेले गीत होय. डेव्हिड बोवी यांनी लिहिलेले व संगीतबद्ध केलेले हे गीत जुलै १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. झगमगीत पोशाख, भडक रंगभूषा आणि ठसठशीत ठेका ही ज्याची ओळख, त्या ‘ग्लॅम रॉक’ प्रवाहातील ते प्रातिनिधिक गीत मानले जाते.

पार्श्वभूमी

१९६९ मध्ये स्थापन झालेल्या या बँडच्या मैफलींना गर्दी होई. ध्वनिमुद्रिका मात्र खपत नसत. चार अल्बमनंतरही यश न आल्याने मार्च १९७२ मधील स्वित्झर्लंडच्या दौऱ्यात सदस्यांनी बँड मोडण्याचा निर्णय घेतला. बासवादक ओव्हरेंड वॉट्स यांनी काम मिळेल का, हे विचारण्यासाठी बोवी यांना दूरध्वनी केला. बँडचे चाहते असलेले बोवी ही वार्ता ऐकून अस्वस्थ झाले. त्यांनी देऊ केलेले ‘सफ्रजेट सिटी’ हे गीत बँडने नाकारले होते. तरीही त्यांनी बँडसाठी नवे गीत रचले. तोवर स्वतः बोवी यांच्या नावावर ब्रिटनमध्ये ‘स्पेस ऑडिटी’ हे एकच लोकप्रिय गीत होते, हे ध्यानात घेतल्यास या देणगीचे मोल कळते.

ध्वनिमुद्रण

मे महिन्यात लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत बोवी यांच्याच निर्मितीखाली गीत मुद्रित झाले. आरंभीची गिटारची सुरावट मिक राल्फ्स यांची, तर मुख्य स्वर इयान हंटर यांचा आहे. शेवटी हंटर श्रोत्यांशी बोलल्यासारखे जे उद्गार काढतात, ती त्यांची स्वतःची भर. गीतात एका प्रसिद्ध दुकानाचा उल्लेख होता. जाहिरातीस मज्जाव करणाऱ्या बीबीसीच्या नियमामुळे ती ओळ बदलून पुन्हा गावी लागली. ब्रिटनच्या क्रमवारीत गीत तिसऱ्या, तर अमेरिकेत ३७व्या स्थानी पोहोचले.

अर्थ आणि वारसा

श्रोत्यांनी ते तरुणाईचे विजयगीत मानले. बोवी यांनी मात्र १९७४ मध्ये निराळा अर्थ सांगितला : गीतातील तरुण विनाशाची वार्ता वाहून नेत आहेत.

१९७३च्या अखेरीस या बँडच्या ब्रिटन दौऱ्यात पूर्वार्ध सादर करण्याचे काम ‘क्वीन’ या नवोदित बँडकडे होते. त्याचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण पाचगणीत झाले होते. त्यांच्या स्मरणार्थ एप्रिल १९९२ मध्ये वेम्ब्ली येथे झालेल्या मैफलीत बोवी, हंटर आणि ‘क्वीन’चे सदस्य यांनी हेच गीत सादर केले.

‘मॉट द हूपल’ १९७४ मध्ये अखेर विसर्जित झाला. उसन्या गीताने त्याला आणखी दोन वर्षांचे आयुष्य दिले आणि त्या काळात हंटर यांच्या लेखणीतून बँडची स्वतःची यशस्वी गीतेही उतरली.