गाववाल्यांची खोली

गिरणगावचा इतिहास लिहिताना आपण संप, युनियन आणि पुढारी यांच्यापाशी घुटमळतो. परळ-लालबागच्या चाळींतली गाववाल्यांची खोली त्यात ओझरती येऊन जाते. माझ्या मते कामगार पिढ्यान्‌पिढ्या तगला तो आधी या खोलीमुळे. 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढली आणि पुढच्या दशकांत रत्नागिरी-साताऱ्याकडची पोरं लोंढ्याने इथे आली. एका वाडीत गुरं राखत वाढलेले सवंगडी एकाच खोलीत पथारी टाकू लागले. भिंतीलगत ज्याची त्याची पत्र्याची पेटी, वर गुंडाळलेली वळकटी. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागी आडवा व्हायचा. पण नुसत्या लंगोटीयारीवर हे चाललं नसतं. खोलीला मंडळ होतं, महिन्याची वर्गणी होती, हिशेबाची वही होती. घरी कुणी गेल्याची तार आली की गावी जायचं भाडं त्या पैशातून निघे. सोबती दगावला तर त्याच्या पोराला खोलीत जागा मिळे आणि गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटवायची खटपटही सोबतीच करत. वडिलांनी वर्गणी भरलेली असल्यामुळे त्या पोराला कुणापुढे मिंधं व्हावं लागत नसे. मैत्रीला नियमाची जोड देणारी ही कामगारांची शहाणीव मला फार मोलाची वाटते.

यावर कुणी म्हणेल, यात फायदा मालकाचाच झाला. ते खरं आहे. आजारपण आणि बेकारी खोलीने आणि गावाने निभावली, म्हणून मजुरी कमी ठेवता आली. भरतीही जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, गावच्या ओळखीवर चाले. पण 1928 चा गिरणी कामगारांचा संप जवळजवळ सहा महिने टिकला, तो याच ओळखीच्या बळावर. जातीचा आक्षेप याहून जड आहे आणि तो खोडता येत नाही. साळखात्यात धोट्यातून सूत तोंडाने ओढावं लागे. त्या उष्ट्या सुताचा विटाळ मानून सवर्ण कामगारांनी दलितांना त्या जास्त मजुरीच्या खात्यात येऊ दिलं नाही. डॉ. आंबेडकरांनी त्याच संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला. गावातली शीव खोलीतही तशीच राहिली. दलित कामगारांनी एकमेकांना धरून ठेवलं ते आपल्या वेगळ्या खोल्यांत.

बायकांचं तर मंडळाच्या वहीत नावच नसे. सोबत्याच्या विधवेला चार पैसे पोचते होत, खोलीत जागा मिळत नसे. आणि तरी ही पुरुषांची खोली जेवत होती ती खाणावळवाल्या बाईच्या उधारीवर. संपात पगार थांबला तरी तिने ताट थांबवलं नाही; वाण्याचं देणं तिच्या अंगावर चढत गेलं. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. सोबत्यांनी एकमेकांना सावरलं त्या खर्चाचा मोठा वाटा तोवर त्या एकट्याच सोसत आल्या होत्या.