कार्ड नाही म्हणजे लस नाही?

  आजचा विषय वरकरणी दवाखान्याचा आहे, आणि आम्ही शिकवलं तत्त्वज्ञान. पण नीट पाहिलं तर हा विषय इतिहासाचा आहे आणि त्याच्या मुळाशी ज्ञानाविषयीचा एक जुना प्रश्न आहे. लहानपणी आपल्याला कोणते आजार होऊन गेले, कोणत्या लशी टोचल्या गेल्या, हे मोठेपणी आपल्याला कळतं ते कशावरून?

कुणी म्हणेल, आता कशाला हव्यात या उठाठेवी? तर नर्सिंगला जाणाऱ्या मुलीला हिपॅटायटिस बी ची लस घेतली का, असं विचारतात. परदेशी विद्यापीठात निघालेल्या मुलाकडे गोवर, गालगुंड, रुबेला यांच्या लशींचा पुरावा मागतात. मूल होऊ द्यायचं ठरवलेल्या जोडप्याला तर हा प्रश्न डॉक्टरांनी विचारायलाच हवा. आणि विचारला की घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. आई म्हणते, "सगळे डोस दिलेत बाबा." कोणते, ते तिला सांगता येत नाही. कार्ड घर बांधताना गेलं, नाहीतर उंदरानं कुरतडलं. गंमत बघा, आपल्यापैकी बहुतेक मोठ्या माणसांना एकाच लशीचा पुरावा फोनवर दाखवता येतो, आणि ती म्हणजे करोनाची.

आपल्या दर्शनांमध्ये ज्ञानाच्या साधनांना प्रमाण म्हणतात. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द ही त्यातली ओळखीची नावं. आपल्या प्रश्नाला ती जशीच्या तशी लागू पडतात. दंडावरचा वण हे प्रत्यक्ष. जन्मसालावरून काढलेला अंदाज हे अनुमान. आईचं सांगणं आणि सरकारी कार्ड हा शब्द. एकेक साक्षीदार तपासू या.

पहिला वण. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या 3 वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानातली ही पहिली यशस्वी लस. तिचं द्रव्य बगदाद, बसरा अशी मजल करत आलं होतं. तिच्या हातावरच्या फोडातून ते दुसऱ्या मुलांना आणि पुढं देशभर गेलं. आपल्या भाषेत रोगही देवी आणि लस टोचणं म्हणजे 'देवी काढणं'. १९६२ मध्ये देशानं देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेनं जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. मग देवी काढणं थांबलं. म्हणून आमच्या पिढीच्या हातावर जे मोठे, खोलगट वण आहेत ते तुमच्या मुलांच्या हातावर नाहीत. त्यांच्या डाव्या दंडावर असतो तो बीसीजीचा लहानसा वण. म्हणजे वण आपलं वयसुद्धा सांगतो. पण या साक्षीदाराची मर्यादाही आहे. बीसीजी घेतलेल्या प्रत्येकाला वण उरतोच असं नाही. आणि गोवर, पोलिओ, घटसर्प यांच्या लशी अंगावर कायमची खूण ठेवतच नाहीत.

दुसरा साक्षीदार अनुमान. इथं कार्यक्रमांच्या तारखा कामी येतात. लहान मुलांच्या लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम देशात १९७८ मध्ये सुरू झाला. १९ नोव्हेंबर १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम आला, त्यात गोवराची लस आली, आणि तो टप्प्याटप्प्यानं १९९० पर्यंत सगळ्या जिल्ह्यांत पोचला. गोवराचा दुसरा डोस २०१० पासून पुढं मिळू लागला. हिपॅटायटिस बी ची लस सरकारी कार्यक्रमात देशभर पोचली ती २०११ च्या सुमारास. गोवर-रुबेला लशीची मोठी मोहीम महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली, ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलामुलींसाठी. कांजिण्यांची लस सरकारी कार्यक्रमात नव्हतीच. तेव्हा जन्मसाल कळलं की आपल्याला काय मिळालं असण्याचा संभव आहे आणि काय मिळणं शक्यच नव्हतं, हे बरंचसं सांगता येतं.

पण जन्मसाल तरी खरं कुठं आहे? आमच्या पिढीत अर्धं गाव १ जूनला जन्मलेलं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली तीच आपली. जन्ममृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा १९६९ चा. त्याआधी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. ब्रिटिश हिंदुस्थानातला १८८० चा लसीकरणाचा कायदा इथं आपोआप लागू नव्हता, आणि दप्तराची भाषा उर्दू. पुणे-मुंबईच्या माणसाचा नोंदींचा इतिहास आणि आपला इतिहास एक नाही. जुन्या नोंदीची किंमत मराठवाड्याला समजावून सांगायला नको. २०२३ पासून न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्तानं निजामकाळातली दप्तरं धुंडाळली गेली. आजोबांच्या जातीचा कागद आपण शोधतो. मुलीच्या लशीचा कागद मात्र जपायला विसरतो.

तिसरा साक्षीदार कार्ड. आपल्या जिल्ह्यात त्याची खरी परीक्षा ऊसतोडीत होते. समजा सप्टेंबरात मूल जन्मलं. त्याचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे. म्हणजे आईबाप फडावर असतानाच ते येतात. कोयता पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत. तिकडं एखादा डोस मिळाला तर त्याची नोंद तिकडच्या रजिस्टरात. राहिला तर नोंद कुठंच नाही. गावाकडच्या कार्डावर मात्र दोन्हीकडं सारखाच कोरा रकाना दिसतो.

आता आजार होऊन गेल्याची आठवण. ती किती टिकते, याचं उत्तर उत्तर अटलांटिकातल्या फेरो बेटांवर मिळालं. १८४६ मध्ये तिथं गोवराची साथ आली आणि जवळपास ७,८०० लोकवस्तीतल्या सुमारे ६,००० जणांना गोवर झाला. पीटर पानुम हा तरुण डॅनिश डॉक्टर तिथं पाठवला गेला. बेटांवर आधीची साथ आली होती १७८१ मध्ये. पानुमच्या लक्षात आलं की ज्या म्हाताऱ्यांना त्या साथीत गोवर झाला होता, त्यांच्यापैकी कुणालाही तो पुन्हा झाला नाही. 65 वर्षं मध्ये गेली, पण शरीर विसरलं नव्हतं.

मात्र शरीराला आठवतं ते आपल्याला नावानिशी आठवतंच असं नाही. आपल्याकडं घरात गोवर आला की फोडणी बंद, दाराला लिंबाचा डहाळा, आणि अंगावर पुरळ उठलं की त्याला बहुधा एकच नाव, गोवर. रुबेलाचं पुरळही तसंच, ताप हलका, दोन-तीन दिवसांत सगळं संपतं. तेव्हा "मला लहानपणी गोवर आला होता" या वाक्यात नेमका कोणता आजार दडला आहे, हे सांगता येत नाही. कांजिण्यांची आठवण त्या मानानं भरवशाची, कारण त्यांचे पाणी भरलेले फोड सहसा चुकत नाहीत. आणि धनुर्वाताचं तर तंत्रच वेगळं. तो होऊन गेला तरी त्यापासून संरक्षण मिळत नाही, लसच घ्यावी लागते.

रुबेलापाशी आम्ही मुद्दाम थांबतो. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडं जन्मतःच मोतीबिंदू असलेली बरीच बाळं येऊ लागली. त्यांनी आयांना विचारलं. बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेला होता. आईला किरकोळ वाटलेला आजार पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय बिघडवून गेला होता. आता हे आपल्या तारखांशी जोडून बघा. २०१८ च्या मोहिमेत 15 वर्षांच्या आतली मुलं होती. म्हणजे २००३ च्या आधी जन्मलेल्या, सरकारी लसीकरणावरच अवलंबून असलेल्या मुलीला रुबेलाची लस मिळाली असण्याचा संभव फार कमी. आणि आज बाळंतपणाच्या वयात आहेत त्यातल्या कितीतरी जणी याच. काहींना लहानपणी रुबेला होऊन गेला असेल, त्या सुरक्षित आहेत. पण कोण, हे आठवणीवरून कळणार नाही.

इथं आपल्या परंपरेतलं आणखी एक प्रमाण मदतीला येतं, अनुपलब्धी. कुमारिल भट्टांच्या मीमांसेत ते मानलं जातं. जमिनीवर घडा दिसत नाही, यावरून तिथं घडा नाही हे कळतं. पण अट आहे. घडा असता तर तो दिसला असता, अशी स्थिती हवी. उजेड हवा, नजर धड हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच ठरत नाही. आपल्या लसीकरणाच्या नोंदींची खोली बरीच वर्षं अंधारी होती. म्हणून कार्ड नाही, तेव्हा लस नाही, हा निष्कर्ष चुकीचा. आणि आई म्हणते, तेव्हा सगळं झालंय, हाही तितकाच कच्चा.

मग डॉक्टर असं का म्हणतात, की लेखी पुरावा नसेल तर लस झालीच नाही असं धरून चाला? यात विसंगती नाही. ते ज्ञानाविषयी बोलत नाहीत, ते कृतीविषयी बोलतात. लस झालेल्या माणसाला गोवर-रुबेलाची लस पुन्हा दिली तर सहसा बिघडत काही नाही. न झालेल्याला दिली नाही तर बिघडतं ते फार मोठं. दोन चुकांची किंमत इतकी विषम असेल, तर खात्री होण्याची वाट न पाहता स्वस्त चुकीच्या बाजूला झुकणं हाच विवेक. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडं गोवराची साथ आली, मुलं दगावली. रोग अजून कुठंही गेलेला नाही, हे त्यावरून समजायला हवं.

रक्ताची तपासणीही आहे. गोवर, रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी यांच्या प्रतिपिंडांची पातळी त्यातून कळते. पण तीही सर्वज्ञ नाही. प्रतिपिंडं कमी झाली तरी शरीराची आठवण काही वेळा शिल्लक असते. डांग्या खोकल्यापासून संरक्षण आहे का, हे सांगणारी भरवशाची तपासणी नाही. आणि गोवर तर असा, की तो शरीराची आधीच्या आजारांविषयीची आठवणच बरीचशी पुसून टाकतो, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं.

तेव्हा घरी गेल्यावर एवढं करा. आई, आजी, मावशी आहेत तोवर विचारून घ्या आणि वहीत लिहून ठेवा, कोण म्हणालं तेही लिहा. जुनं कार्ड सापडलं तर त्याचा फोटो काढा. सापडलं नाही तर उपकेंद्रातल्या सिस्टरना, आशाताईंना जुनं रजिस्टर आहे का विचारा. धनुर्वात-घटसर्पाचा डोस घेऊन 10 वर्षं झाली असतील तर डॉक्टरांशी बोला. आणि लग्न झालेल्या, ठरलेल्या मुलींनी रुबेलाची तपासणी किंवा लस याविषयी आधीच विचारावं, कारण ही लस गरोदरपणात देत नाहीत आणि घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते. फडावर जाणाऱ्यांनी बाळाचं कार्ड पेटीत ठेवू नये, बरोबर न्यावं.

आपल्या आधीच्या पिढ्यांनी नोंदी ठेवल्या नाहीत, कारण त्यांच्याकडं ती सोयच नव्हती. आपल्याकडं आहे. आज जन्मलेल्या लेकराला 30 वर्षांनी हाच प्रश्न कुणी विचारला, तर त्यानं आईच्या तोंडाकडं पाहायची वेळ येऊ नये, एवढं आपल्या हातात आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ या.