संमतीविना खासगी चित्रांचे प्रसारण (भारतीय कायदा)

एखाद्या व्यक्तीचे नग्न, अर्धनग्न किंवा लैंगिक स्वरूपाचे छायाचित्र अथवा व्हिडिओ तिच्या संमतीशिवाय दुसऱ्याला पाठवणे, इंटरनेटवर टाकणे किंवा टाकण्याची धमकी देणे, आणि त्यातून पाठवणाऱ्यावर व संबंधित संकेतस्थळावर येणारी कायदेशीर जबाबदारी. एकीच्या शरीरावर दुसरीचा चेहरा बसवून किंवा एआयकडून सारेच नव्याने घडवून केलेली चित्रेही याच विषयात येतात. यासाठी रूढ झालेला ‘रिव्हेंज पॉर्न’ हा शब्द टाळावा असाच आहे. सूड म्हटला की आधी तिनेच काही केले असणार, असा अर्थ आपोआप चिकटतो. प्रत्यक्षात कित्येक प्रकरणांत दोघांची ओळखही नसते, हेतू पैसे उकळण्याचा असतो. पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेतली जाते ती बहुधा एकाच वाक्याभोवती: ‘फोटो व्हायरल करीन.’

भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ हे जुन्या दंड संहितेतील कलम ३५४सीचे नवे रूप. न्या. वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ साली ते कायद्यात आले. स्त्री एकांतात असताना तिला चोरून पाहणे, तिचे चित्रण करणे किंवा ते पसरवणे हा त्याखाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे, पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षे कैद. या कलमाचे दुसरे स्पष्टीकरण नीट वाचण्यासारखे आहे. स्त्रीने चित्रणाला संमती दिली, पण ते तिसऱ्याला दाखवायला दिली नसेल, तर दाखवणे हा गुन्हा ठरतो. म्हणजे फोटो तिने स्वतः हसत काढू दिला असेल, तरी तो मित्रांच्या ग्रुपवर टाकण्याची परवानगी त्यात येत नाही. ‘मुळात काढूच का दिलास?’ हा प्रश्न घरात, शेजारात आणि कधी ठाण्यातही विचारला जातो. कायद्याच्या लेखी त्या प्रश्नाला जागा नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्यात ही समज मुळापासून नव्हती. २००० सालच्या मूळ कायद्यात फक्त अश्लील मजकुराविरुद्धचे कलम ६७ होते. २००४ मध्ये दिल्लीतील दोन शाळकरी मुलांची मोबाइलवर टिपलेली चित्रफीत एका लिलाव संकेतस्थळावर विक्रीला आली आणि संकेतस्थळाच्या प्रमुखालाच अटक झाली. देशभर गाजलेल्या त्या प्रकरणानंतर, २००८च्या दुरुस्तीने कायद्यात नवी कलमे आली आणि ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. गुप्तांगांचे चित्र संमतीविना टिपणे वा पसरवणे यासाठी कलम ६६ई (तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड), उघड लैंगिक कृतीच्या चित्रणासाठी ६७ए (पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद, दहा लाखांपर्यंत दंड) आणि बालकांविषयीच्या चित्रणासाठी ६७बी. कलम ७७ केवळ पीडित स्त्रियांसाठी आहे. ६६ई मात्र कोणाही व्यक्तीला लागू होते. व्हिडिओ कॉलच्या सापळ्यात अडकलेल्या पुरुषाला ६६ईचा आणि खंडणीच्या कलमाचा आधार मिळतो.

पश्चिम बंगालमधील तमलुकच्या न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये दिलेला निकाल या प्रकारातील देशातला पहिला दोषसिद्धीचा निकाल मानला जातो. एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने ओळखीच्या तरुणीचे खासगी चित्रण अश्लील संकेतस्थळावर टाकले होते. त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. पीडितेला बलात्कारपीडितेप्रमाणे मानून सरकारने भरपाई द्यावी, असेही न्यायालयाने सांगितले. शरीराला हात न लावता केलेल्या या गुन्ह्याची खोली त्या एका आदेशात मोजली गेली.

तरीही ६७ आणि ६७ए या, खटल्यांत हमखास लागणाऱ्या कलमांमध्ये एक मूलभूत उणीव आहे. ती चित्र किती अश्लील आहे ते पाहतात. ज्याचे चित्र आहे त्याने हो म्हटले होते का, हे विचारत नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयापुढे २०२१ मध्ये आलेल्या प्रकरणात हा पेच स्पष्ट दिसला. एका महिलेने फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर ठेवलेले साधे फोटो कुणीतरी उचलून अश्लील संकेतस्थळावर चढवले. फोटोंत आक्षेपार्ह काही नव्हते. इजा झाली ती जागा बदलल्याने. न्या. अनुप जयराम भंभानी यांनी अशा संकेतस्थळावर फोटो टाकणे हेच प्रथमदर्शनी कलम ६७ खालील गुन्हा असल्याचे मानले, आणि मजकूर २४ तासांत हटवण्यापासून शोधयंत्रांतून काढण्यापर्यंत आदेशांचा साचाच घालून दिला.

एआयने हा पेच आणखी घट्ट केला. कलम ६६ई ‘व्यक्तीच्या गुप्तांगाचे चित्र’ म्हणते. डीपफेकमध्ये चेहरा तिचा असतो, शरीर दुसऱ्या कुणाचे किंवा कुणाचेच नसते. मग चित्र कोणाचे? कलम ७७ ला एकांतातली खरी कृती लागते. इथे ती घडलेलीच नसते. मुंबईच्या पत्रकार राणा अय्यूब यांच्या चेहऱ्याचा बनावट अश्लील व्हिडिओ एप्रिल २०१८ मध्ये पसरवला गेला, तेव्हा ‘डीपफेक’ हा शब्दही पोलिसांना नवा होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये लिफ्टमध्ये शिरणाऱ्या एका तरुणीच्या शरीरावर अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा बसवलेला व्हिडिओ फिरला. दिल्ली पोलिसांनी बनावटीकरणाच्या कलमांना ६६सी (ओळखीची चोरी) आणि ६६ई जोडून गुन्हा नोंदवला. जानेवारी २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातून एकाला अटक झाली. चर्चा अभिनेत्रीची झाली. जिचे शरीर न विचारता वापरले, ती तरुणीही तितकीच पीडित होती. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून आणि अमेरिकेने मे २०२५ च्या कायद्याने बनावट खासगी चित्रांचा स्पष्ट शब्दांत समावेश केला. भारतात अजून अनेक कलमांचे ठिगळ जोडून आरोपपत्र उभे करावे लागते.

बालकांच्या बाबतीत मात्र भारतीय कायदा पुढे आहे. पॉक्सो कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या व्याख्येत संगणकाने घडवलेले, खऱ्या बालकापासून वेगळे ओळखू न येणारे चित्रही धरले आहे. ते ‘खरे नाही’ हा बचाव तिथे चालत नाही.

‘मी फक्त फॉरवर्ड केले’ हाही बचाव नव्हे. ६६ई, ६७ आणि ६७ए या तिन्ही कलमांत पाठवणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे. ग्रुप ॲडमिनची गोष्ट वेगळी. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये निर्णय दिला की, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला आरोपी करता येत नाही.

इतरांनी टाकलेल्या मजकुराबाबत संकेतस्थळांना माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चे संरक्षण आहे, पण ते सशर्त. इतर मजकूर हटवायला न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश लागतो. खासगी चित्रांसाठी पीडितेची, किंवा तिच्या वतीने कुणाचीही, तक्रार पुरते. त्या कायद्याखालील २०२१ च्या नियमांनी ती हटवायला २४ तासांची मुदत ठेवली आणि मॉर्फ केलेली चित्रेही त्यात घेतली. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ही मुदत दोन तासांवर आणली.

तक्रारीच्या वाटेवर मात्र अडथळे आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील तपास पोलीस निरीक्षक वा त्याहून वरचा अधिकारीच करू शकतो. लहान ठाण्यात तो हजर नसला की ‘उद्या या’ ऐकावे लागते. ६६ई आणि कलम ७७ चा पहिला गुन्हा जामीनपात्र आहेत, त्यामुळे आरोपी, आणि क्वचित त्याच्याकडची चित्रेही, लवकरच बाहेर येतात. सर्वांत मोठे नुकसान पहिल्या तासातच होते: घाबरलेली मुलगी चॅट, नंबर, लिंक सगळे पुसून टाकते आणि पुरावाही त्यासोबत जातो. स्क्रीनशॉटवर पूर्ण लिंक, तारीख आणि वेळ दिसायला हवी. फोन तसाच जपायला हवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया व बालकांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते.

एका लिंकवरून काढलेले चित्र दुसऱ्या दिवशी दहा ठिकाणी उगवते. त्यावर ‘हॅश’चा उपाय आहे: फोटो पीडितेच्या फोनमध्येच राहतो, त्यापासून आकडे व अक्षरांचा एक ठसा तयार होतो आणि फक्त तो कंपन्यांकडे जातो. त्या ठशाशी जुळणारे चित्र त्यांना ओळखता येते. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली ‘स्टॉप एनसीआयआय’ ही मोफत सेवा प्रौढांसाठी हेच करते. दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. सुब्रमोणियम प्रसाद यांनी एप्रिल २०२३ मध्ये शोधयंत्रांना असेच तंत्रज्ञान वापरायला सांगितले. प्रत्येक नवी लिंक घेऊन पीडितेने पुन्हा पुन्हा दारात उभे राहावे, ही अपेक्षा त्यांनी मान्य केली नाही.