हरवलेल्या फाइलींचा इतिहास

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि रुमालात बांधून ठेवलेली जुनी दप्तरे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो अशाच दप्तरांच्या आधारे. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. त्या कागदांचे शत्रू ठरलेले होते : वाळवी, ओल, आग आणि मालकाची अनास्था. हे शत्रू सावकाश चाल करून येत, आणि त्यामुळे राजवाड्यांसारख्या संशोधकाला त्यांच्या आधी पोहोचण्यास थोडा तरी अवसर मिळे.

गेल्या तीन-चार दशकांत मात्र सामान्य कुटुंबाचे दप्तर माळ्यावरून उतरून टेबलावरच्या संगणकात शिरले आहे. लग्नाची छायाचित्रे, आजोबांच्या आठवणींचे टिपण, घराच्या हिशेबाचे आकडे, मुलाचा प्रबंध, हे सारे एका लहानशा डबीत राहते. आणि ती डबी एके दिवशी, कोणतीही पूर्वसूचना न देता, मुकी होते. असे झाल्यावर गेलेले परत मिळते काय, आणि मिळत असेल तर कसे, या प्रश्नालाही आता एक इतिहास आहे. तो जेमतेम सत्तर वर्षांचा असला, तरी बोधप्रद आहे.

त्याचा आरंभ १९५६ सालापासून करावा लागतो. त्या वर्षी अमेरिकेतील आयबीएम या कंपनीने ‘रॅमॅक’ नावाचा संगणक जाहीर केला. त्याच्या स्मरणयंत्रात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या एकावर एक बसविलेल्या होत्या. यंत्राचे वजन सुमारे एक टन होते, आणि एवढा खटाटोप करून त्यात पन्नास लाख अक्षरे मावत. आजच्या मोबाईलमधील दोन-तीन छायाचित्रांनीही ते भरून गेले असते. चकतीवर लोहभस्माचा लेप असे, ती वेगाने फिरे आणि तिच्या अगदी लगत, केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर, एक वाचणारे-लिहिणारे डोके तरंगत असे. पुढे चकत्या लहान होत गेल्या आणि हे अंतरही कमी कमी होत एका मीटरच्या काही अब्जांश भागांवर येऊन ठेपले. बोटाच्या ठशाचा थरही त्या मानाने डोंगराएवढा! असे डोके चकतीवर आदळले म्हणजे लेप खरवडला जातो, आणि त्याबरोबर त्यावरील मजकूरही जातो. संगणकाच्या मोडण्याला आपण जो ‘क्रॅश’ शब्द सर्रास वापरतो, त्याचा हा एक अगदी शब्दशः अर्थ आहे.

ही चकती घरात आली ती १९८० नंतर. त्या वर्षी अॅलन शुगार्ट यांच्या कंपनीने सव्वापाच इंची खणात बसणारी, पाच मेगाबाइट क्षमतेची हार्ड डिस्क विक्रीस आणली. आणि १९८३ मध्ये आयबीएमने आपल्या ‘पीसी एक्सटी’ या यंत्रात दहा मेगाबाइटची डिस्क बसवून दिली. या यंत्रांवर जी ‘डॉस’ नावाची प्रणाली चाले, तिची मजकूर ठेवण्याची रीत समजून घेतली पाहिजे; कारण पुढील साऱ्या शोधाची किल्ली तेथे आहे.

जुन्या कचेरीतील दप्तरदाराची कल्पना करावी. कागद खणांत ठेवलेले असतात आणि कोणता कागद कोणत्या खणांत आहे, याची एक यादी दाराशी टांगलेली असते. एखादा कागद रद्द करावयाचा झाल्यास हा दप्तरदार खणांकडे जातच नाही. यादीतील त्या नावाच्या पहिल्या अक्षरावर तो एक काट मारतो आणि ते खण रिकामे आहेत, अशी नोंद करतो. कागद मात्र, नवा कागद त्या खणात येईपर्यंत, जागच्या जागीच पडून असतो. डॉस नेमके हेच करी. फाइल पुसली म्हणजे तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक ठरावीक खूण येई आणि तिचे खण मोकळे ठरत. मजकुराला मात्र कोणी हातही लावीत नसे.

ही गोष्ट ध्यानात घेऊन पीटर नॉर्टन या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९८२ साली आपला ‘नॉर्टन युटिलिटीज’ हा संच विक्रीस काढला. स्वतःची एक फाइल चुकून पुसली गेली, तेव्हा ती परत मिळविण्यासाठी त्यांनी हे काम हाती घेतले, अशी त्याची उत्पत्ती सांगतात. त्यातील ‘अनइरेज’ हा प्रोग्रॅम काट मारलेली नावे हुडकून काढी आणि वापरणाऱ्याला विचारी, ‘पहिले अक्षर कोणते होते?’ ते सांगितले की बहुधा फाइल परत येई. गेलेली वस्तू परत मिळण्यासाठी तिचे नाव आपल्या स्मरणात असावे लागते, ही गोष्ट यंत्राने किती साध्या रीतीने शिकविली! पुढे १९९१ साली डॉसच्या पाचव्या आवृत्तीत ही सोय मूळ प्रणालीतच आली. तत्पूर्वी १९८३ मध्ये अॅपलच्या ‘लिसा’ संगणकावर कचऱ्याच्या टोपलीचे चित्र अवतरले होते. १९९५ च्या विंडोजमध्ये तसलीच टोपली घराघरांत पोहोचली. टाकलेले निवडून परत घेता येते, हा विश्वास त्या टोपलीने सर्वांच्या मनात रुजविला.

वास्तविक ही यंत्राची दया नव्हती. ती काटकसर होती. खरोखर पुसावयाचे तर सगळ्या खणांवर पुन्हा लिहावे लागते, आणि त्यास वेळ लागतो. तो वेळ वाचविण्यासाठी जी युक्ती योजली, तिच्या पोटी माणसाला आपली चूक दुरुस्त करण्याची सवड अनायासे मिळाली. ही सवड टिकविण्याचा नियमही त्यातूनच निघतो. फाइल हरवली असे कळताच त्या डिस्कवर काहीही नवे लिहू नये. फाइल शोधण्याचा प्रोग्रॅमदेखील तीवर चढवू नये, कारण तो प्रोग्रॅम नेमका हरवलेल्या मजकुराच्या खणात जाऊन बसण्याचा संभव असतो. डिस्कमधून खरखर किंवा टकटक असा आवाज येत असेल, तर ती त्वरित बंद करावी आणि धूलिरहित खोलीत काम करणाऱ्या जाणकाराकडे सोपवावी. घाबरलेला मनुष्य यंत्र पुन्हा पुन्हा चालू करून पाहतो आणि उरलेसुरलेही आपल्याच हाताने खरवडून टाकतो.

यादीच नष्ट झाली तर काय करावयाचे? त्यावरही उपाय निघाला. मोडी पत्रांचे सुटे ताव एकमेकांत मिसळले, तरी आरंभीच्या ‘श्री’वरून आणि अखेरच्या ‘लेखनसीमा’ या शिक्क्यावरून जाणता वाचक एकेक पत्र वेगळे काढू शकतो. संगणकातील छायाचित्रांच्या फाइलींनाही असाच ठरावीक आरंभ आणि ठरावीक शेवट असतो. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच प्रोग्रॅमरचा ‘फोटोरेक’ हा विनामूल्य प्रोग्रॅम अशा खुणांच्या आधारे, यादीकडे न पाहता, सारी डिस्क चाळून काढतो. फाइली मिळतात, परंतु त्यांची नावे मिळत नाहीत. हजारो अनाम चित्रे समोर येतात, आणि त्यांतून आपले माणूस ओळखण्याचे काम पुन्हा माणसाकडेच येते.

या विद्येची सीमा कोठवर पोहोचली, याचे एक विलक्षण उदाहरण आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे ‘कोलंबिया’ हे यान पृथ्वीच्या वातावरणात परतताना भंग पावले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्यू पावले. त्या यानावर झेनॉन वायूच्या प्रवाहीपणाचा एक प्रयोग होता, आणि त्याच्या नोंदी चारशे मेगाबाइटच्या एका साध्या डिस्कवर होत्या. कित्येक मैल उंचीवरून कोसळलेली ती डिस्क काही महिन्यांनी एका कोरड्या तळ्यात, जळून वितळलेल्या गोळ्याच्या रूपात सापडली. मिनिआपोलिस येथील ऑनट्रॅक या कंपनीतील तज्ज्ञांनी आतील चकत्या सोडवून, धुऊन, दुसऱ्या सांगाड्यात बसविल्या, आणि सुमारे ९९ टक्के मजकूर परत मिळविला. डिस्क निम्मीच भरलेली होती. धुळीने व्रण पडले ते बव्हंशी कोऱ्या भागावर. आणि जुनी डॉस प्रणाली मजकूर विखरून न ठेवता सलग मांडीत असे, म्हणून हे साधले. त्या प्रयोगाचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. याच अवशेषांतील आणखी दोन डिस्कमधून मात्र काहीही हाती आले नाही, हेही विसरता कामा नये.

दुसरे उदाहरण चित्रपटसृष्टीतील आहे. १९९८ साली पिक्सार या संस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असता कोणीतरी संगणकाला पुसण्याची आज्ञा चुकीच्या जागी दिली, आणि पात्रे व देखावे पडद्यावरून एकेक करून नाहीसे होऊ लागले. सुमारे ९० टक्के काम गेले. राखीव प्रती काढण्याची व्यवस्था होती. परंतु ती नीट चालत नव्हती, हे कोणाच्याच लक्षात आलेले नव्हते. अखेरीस आठवण झाली ती गेलिन सुसमन यांच्या घरातील संगणकाची. बाळंतपणानंतर त्या घरूनच काम करीत असल्यामुळे चित्रपटाची एक प्रत त्यांच्याकडे होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून, जपून मोटारीतून आणण्यात आला. तात्पर्य, कोट्यवधी डॉलरांची यंत्रणा जे राखू शकली नाही, ते एका आईच्या घरातील यंत्राने राखले.

मराठी माणसाला या संकटाचा आणखी एक पदर ठाऊक आहे. युनिकोड या जागतिक लिपिसंकेताच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. पण ती घरगुती संगणकात रुळावयास २००० नंतरची वर्षे उजाडली. तोवर आपली पुस्तके, अंक आणि पत्रे निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांत टंकलिखित होत. त्यांत रोमन अक्षराच्या जागी देवनागरी अक्षराचे चित्र बसविलेले असे, आणि प्रत्येकाची बसवणूक वेगळी. संगणक मोडला, नवा आणला, जुनी फाइल दैवयोगाने हाती आली, आणि उघडून पाहतो तो रोमन अक्षरांचा निरर्थक गोतावळा! फाइल सापडली तरी मजकूर हरवलेलाच राहिला. मोडी कागद समोर असून वाचणारा नसावा, तशीच ही अवस्था. असा मजकूर युनिकोडमध्ये उतरविण्याची साधने उपलब्ध आहेत. मात्र मूळ फाँट कोणता, हे ठाऊक असेतोवरच ती उपयोगी पडतात. ज्यांच्या घरी अशा फाइली पडून असतील, त्यांनी हे काम लांबणीवर टाकू नये.

आता या इतिहासाला एक वळण लागले आहे. आजच्या बहुतेक नव्या घरगुती संगणकांत फिरती चकती उरलेली नाही. तिच्या जागी ‘एसएसडी’ ही विद्युत्-स्मृती आली आहे. आदळावयास तेथे डोके नाही, हे खरे. पण नव्या लेखनासाठी खण आधीच मोकळे असावेत म्हणून ही स्मृती पुसलेल्या फाइलीचे खण स्वतःच, बहुधा थोड्याच वेळात, साफ करून टाकते. शिवाय अनेक संगणकांत मजकूर सांकेतिक रूपात कुलूपबंद असतो. किल्ली हरवली की तज्ज्ञांचेही हात टेकतात. नॉर्टन यांच्या काळी काटकसरीतून मिळालेली ती सवड आता वेगाने आटत चालली आहे. ‘पुसले तरी परत मिळेल’ हा विश्वास एका विशिष्ट यंत्राच्या विशिष्ट काळापुरता खरा होता, असेच म्हणावे लागते.

मग आधार कशाचा? या साऱ्या कथांत जे वाचले त्यातील बरेचसे दैवाने वाचले. ज्याचा भरवसा धरावा असे एकच साधन त्यांत दिसते, आणि ते म्हणजे दुसरीकडे असलेली दुसरी प्रत. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी वर आल्या, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. ते अभंग लोकांच्या मुखी होते म्हणून तरले, असाही त्या कथेचा अर्थ विचारवंतांनी लावला आहे. कोणताही अर्थ घेतला, तरी अनेकांच्या कंठी वसलेली गाथा एका नदीत बुडू शकत नाही, एवढे खास. अलीकडे छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी हाच विचार एका सूत्रात बसविला : प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. त्यास ‘टॉय स्टोरी’चा धडा जोडावयाचा, तर मधूनमधून ती प्रत उघडून पाहावी. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे. ती केवळ समजूत होय.

उद्याचा राजवाडे जेव्हा विसाव्या-एकविसाव्या शतकातील सामान्य माणसाचे जीवन शोधू लागेल, तेव्हा तो माळ्यावर चढणार नाही. तो आपल्या मुलानातवंडांकडे जुन्या डिस्क मागेल. त्याला त्या मुक्या मिळाव्यात की बोलक्या, हे आज आपल्या हाती आहे. बखरीची नक्कल करणारा लेखक अखेरीस आपले नाव, तिथी आणि स्थळ लिहून लेखणी खाली ठेवी. त्याच्या त्या निमूट श्रमांवर आपला इतिहास उभा आहे. तेवढे श्रम, आणि तेही बोटाच्या दोन-चार दाबांचे, आपण आपल्या घरच्या दप्तरासाठी घेण्यास काय हरकत आहे?