जोखीम कुणाची?

आपल्या धंद्यात 'रिस्क' हा शब्द दिवसातून दहा वेळा तरी कानावर पडतो. एक्सेल शीटमध्ये रिस्कची यादी, शेजारी शक्यता, त्याच्या शेजारी परिणाम. दोघांचा गुणाकार केला की लाल, पिवळा नाहीतर हिरवा रंग येतो आणि मीटिंग संपते. त्या शीटमध्ये एक कॉलम मात्र सहसा नसतो : धोका पत्करणार कोण आणि भोगणार कोण? इंग्रजीतले धोक्याचे जुने शब्द उकरून बघितले, तर ह्याच प्रश्नाचं उत्तर त्यांच्या पोटात सापडतं.

'डेंजर'पासूनच सुरू करू. ह्याचं मूळ लॅटिन 'डॉमिनस', म्हणजे धनी, मालक. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता मालकाची सत्ता, इजा करायची त्याची ताकद. एखाद्याच्या 'डेंजर'मध्ये असणं म्हणजे त्याच्या तावडीत असणं. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये पोर्शिया हा शब्द ह्याच अर्थानं वापरते; अँटोनियो शायलॉकच्या कचाट्यात सापडलाय, असं तिला म्हणायचं असतं. थोडक्यात, पूर्वी डेंजरला मालक असायचा. आज विजेच्या डीपीवरच्या पाटीवर कवटी असते, मालकाचं नाव नसतं.

'जेपर्डी'ची गोष्ट वेगळी. जुन्या फ्रेंचमधला 'जू पार्ती', म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच वाटलेला डाव. कोण जिंकेल सांगता येत नाही असा. बुद्धिबळातल्या कोड्यांनाही हेच म्हणत. 14व्या शतकात चॉसरनं तो तसा वापरलाय. 'हॅझर्ड' तर चक्क फाशांचा जुगार. बऱ्याच जणांच्या मते तो अरबीतल्या फाशाच्या शब्दावरून आला, पण ह्यावर विद्वानांचं एकमत नाही. दोन्ही शब्दांत एक गोष्ट समान : खेळणारा स्वतःहून पटावर बसलाय आणि डाव त्याचा स्वतःचा आहे.

(जाता जाता : 'जेपर्डाइझ' हे क्रियापद बरंच नंतरचं. आधीचं होतं नुसतं 'जेपर्ड'. नोआ वेबस्टरनं 1828च्या कोशात 'जेपर्डाइझ' हा निरुपयोगी शब्द आहे असा शेरा मारला. आज 'जेपर्ड' कुणाच्या तोंडी नाही आणि 'जेपर्डाइझ' सगळ्यांच्या तोंडी आहे. कोशकारांचं भाषा ऐकते थोडीच!)

मग धोक्याचा व्यापार सुरू झाला. लंडनच्या लॉइड्समध्ये 1779 साली सागरी विम्याचा एक ठरावीक मसुदा पक्का झाला. त्यात समुद्रातल्या 'पेरिल्स'ची लांबलचक यादी होती : वादळं, आग, शत्रू, चाचे, चोर वगैरे. हा मसुदा थेट 1980च्या दशकापर्यंत वापरात होता! आपल्याकडचे व्यापारीही मागे नव्हते. 'जोखमी हुंडी' नावाचा प्रकार होता. माल गलबतावर चढवायचा, त्यावर हुंडी काढायची आणि ती विकून पैसे मोकळे करायचे. माल सुखरूप पोचला तरच हुंडीचे पैसे मिळणार. गलबत बुडालं तर हुंडी घेणाऱ्याचे पैसेही बुडाले. हुंडी आणि विमा एकाच कागदात. शिवाय जोखीम कुणाच्या डोक्यावर, हे सगळ्यांना आधीच ठाऊक.

पण विमा आला की एक गोची होते. जहाजाचा मालक धोका विकून मोकळा होतो. जहाजावरच्या खलाशाला तो कुठे विकता येतो?

19व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये नेमकं हेच झालं. काही मालक जुनाट जहाजं भरमसाट माल लादून आणि भरपूर विमा उतरवून समुद्रात सोडत. पोचलं तर नफा, बुडालं तर विमा. लोक त्यांना 'कॉफिन शिप्स' म्हणत. करारावर सही केलेल्या खलाशानं जहाज बघून पाय मागे घेतला, तर त्याला तुरुंगात टाकत. असे शेकडो खलाशी तुरुंगात गेले. सॅम्युअल प्लिमसॉल नावाचा डर्बीचा खासदार ह्यावर पेटून उठला. 1873 साली त्यानं 'अवर सीमेन' हे पुस्तक काढलं. 22 जुलै 1875 रोजी पंतप्रधान डिझरायलींनी जहाजांविषयीचं विधेयक बाजूला ठेवलं, तेव्हा त्यानं भर सभागृहात थयथयाट केला. पुढच्याच वर्षी कायदा झाला : जहाजावर भाररेषा हवीच. ती कुठे मारायची हे मात्र मालकावरच सोडलं होतं! ती पळवाट 1890 साली बुजली.

मला त्या कायद्यातलं दुसरं एक कलम जास्त महत्त्वाचं वाटतं. माणसांचे जीव धोक्यात येतील अशा अवस्थेतलं जहाज समुद्रात पाठवणं हा गुन्हा ठरला. इथे कामाला आलं ते 'एन्डेंजर' हे क्रियापद. फरक व्याकरणाचा आहे, पण साधासुधा नाही. 'धोका आहे' ह्या वाक्यात धोका पावसासारखा असतो, कुणीच पाडलेला नाही. 'धोक्यात घातलं' म्हटलं की लगेच प्रश्न येतो : कुणी? आपल्याकडे 1860च्या भारतीय दंड संहितेत कलम 336 होतं, हयगयीनं दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याबद्दल. 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहितेत त्याची जागा कलम 125नं घेतली. कलमाचा आकडा बदलला, पण 'कुणी' हा प्रश्न तोच राहिला.

म्हणून 'रिस्क आहे' असं कुणी म्हटलं की मी मनातल्या मनात ते वाक्य कर्त्यासकट पुन्हा लिहून बघतो. कोण कुणाला धोक्यात घालतंय? कधीकधी उत्तर 'आपणच आपल्याला' असं येतं. मग तो जेपर्डी, खुशाल खेळावा. पण पैसे एकाचे वाचत असतील आणि रात्रभर जागणारा, नोकरी किंवा जीव गमावणारा दुसराच असेल, तर तो जुन्या अर्थानं डेंजर.

कधी मुंबई बंदराकडे गेलात तर मालवाहू जहाजांच्या कुशीवर बघा. एक वर्तुळ आणि त्यातून गेलेली आडवी रेघ दिसेल. तीच प्लिमसॉलची रेघ. पाणी तिच्यावर चढलं, तर जहाज कुणी लादलं हे विचारता येतं.