चादरीच्या कोपऱ्याखालचा त्रिकोण

सून आणि नातवंड घरी येण्याची वाट पाहत बसलेल्या आजीला ‘बाळाला कावीळ आहे, दोन दिवस लाईटखाली ठेवलंय’ असा निरोप येतो, तेव्हा ती क्षणभर धास्तावते आणि मग, अलीकडे हे पुष्कळांचे होते, असे स्वतःशीच म्हणून सावरते. निळ्या उजेडात, डोळ्यांवर पट्टी बांधून, नुसत्या लंगोटावर निजलेले ते अर्भक आपल्या दवाखान्यांतून इतके परिचयाचे झाले आहे की, हा उपचार प्रथम कोणाच्या ध्यानी आला, हे विचारावे असे सहसा कोणाला वाटत नाही. त्याचा उगम कोणा नामांकित पंडिताच्या प्रयोगशाळेत झाला नाही. तो झाला इंग्लंडातील एसेक्स परगण्यात, रॉचफर्डच्या सरकारी रुग्णालयाच्या अंगणात, आणि अपुऱ्या दिवसांच्या बालकांचा कक्ष सांभाळणाऱ्या सिस्टर वॉर्ड या परिचारिकेच्या नजरेतून.

त्या काळी नवजात बालकाची कावीळ वाढू लागली की वैद्यांपुढे मोठे संकट उभे राही, कारण रक्तातील पिवळे द्रव्य, ज्याला बिलिरुबिन म्हणतात, ते मर्यादेबाहेर साचले तर मेंदूत उतरून मुलाला कायमचे बहिरेपण किंवा पांगळेपण येई, प्रसंगी प्राणही जाई. आणि खात्रीचा उपाय एवढाच की, नाळेच्या शिरेवाटे बालकाचे रक्त थोडे थोडे काढीत दात्याचे रक्त भरावयाचे. मूठभर देहावर ही क्रिया करताना हात किती जपून चालवावा लागत असेल, याची कल्पना करणेही कठीण आहे.

सिस्टर वॉर्ड यांची ठाम श्रद्धा अशी की, उबवण पेटीतील कोंदट हवेपेक्षा मोकळा वारा व ऊन अशा बालकांना अधिक मानवते. म्हणून उन्हाळ्याच्या दिवसांत त्या नाजूक बालकांना अंगणात नेत, आणि वरिष्ठांची फेरी येण्यापूर्वी बहुधा परत आणून ठेवीत. १९५६ च्या उन्हाळ्यात एका फेरीच्या वेळी त्यांनी संकोचतच डॉक्टर डॉब्ज यांना एक मूल उघडे करून दाखविले. त्याचे अंग फिकट होते, परंतु एक त्रिकोणी पट्टा गडद पिवळा. हे काय फासले आहे, आयोडिन की आणखी काही, अशी विचारणा होताच त्या अधिकच अवघडल्या, तरी त्यांनी निरीक्षण सोडले नाही: पिवळेपणा कोणी लावलेला नव्हता, चादरीच्या कोपऱ्याने झाकलेला भाग तेवढा पूर्वीसारखा राहिला होता आणि बाकीचे अंग उजळले होते.

त्या दिवशी गोष्ट तेवढ्यावरच राहिली. पुढे काही काळाने कावीळ झालेल्या एका बालकाच्या रक्ताची नळी प्रयोगशाळेच्या खिडकीत उन्हात पडून राहिली आणि तपासणीत बिलिरुबिन अपेक्षेहून बरेच कमी निघाले, तेव्हा तो त्रिकोण सर्वांना आठवला. क्रेमर या तरुण डॉक्टरांनी आणि पेरीमन या रसायनज्ञांनी प्रयोग केले, ४० वॅटच्या ८ निळ्या नळ्या बसविलेले छत पाळण्यावर सरकविण्याची तजवीज केली, आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लेख प्रसिद्ध झाला.

लेखानंतर जे घडले ते मला अधिक मननीय वाटते. ब्राझील, इटली अशा देशांतून हा उपाय रूढ होत गेला. परंतु अमेरिकेत, प्रकाशाने विघटित झालेले द्रव्य बालकाला अपाय तर करणार नाही ना, या शंकेने तो दशकभर बाजूला राहिला. ही शंका अनाठायी होती असे मी म्हणणार नाही, कारण मुक्या जिवावर करावयाच्या उपचाराला पुरावा मागणे हे वैद्याचे कर्तव्यच आहे. १९६८ मध्ये व्हरमाँट विद्यापीठातील ल्यूसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशाखाली ठेवलेल्या आणि न ठेवलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बालकांची रीतसर तुलना प्रसिद्ध केली. आणि १९७४ ते १९७६ या काळात ६ केंद्रांतून १,३३९ बालकांवर झालेल्या परीक्षणात असे आढळले की, २,००० ग्रॅमहून कमी वजनाच्या बालकांमध्ये रक्त बदलण्याची पाळी सुमारे २४ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आली.

आज संस्था-संस्थांतून सेवकवर्गाकडून सूचना मागविल्या जातात आणि किती सूचना आल्या याचे तक्ते दप्तरी लागतात. रॉचफर्डमध्ये अशी काही योजना नव्हती. होती ती हुद्द्याच्या उतरंडीतून वर पोहोचलेली एक दबकी वाणी. ती पुढच्या पायरीवर कोणी उचलली नसती, तर मोजमापाला काही उरलेच नसते. आणि मोजमाप झाले नसते, तर ती एका कक्षातील हळवी समजूत ठरून विरली असती. म्हणून अशा उपक्रमांचे फळ जोखताना सूचनांच्या संख्येपेक्षा, सांगणारीचा शब्द किती पायऱ्या चढला आणि त्याची कसोटी कोणी घेतली, हा तपशील मी आधी मागेन.

निळ्या उजेडाखालील बालकाचे कपडे परिचारिका आजही काढून ठेवते व त्याला कूस बदलवते, कारण जेवढी त्वचा झाकली जाईल तेवढी उपचाराला मुकते. तिच्या हातांना त्या चादरीचा कोपरा ठाऊक असतो, जरी त्याची कथा नसली तरी. १९५८ च्या लेखावर क्रेमर, पेरीमन व रिचर्ड्‌स ही तीन नावे आहेत. उन्हात पाळणे नेणाऱ्या सिस्टर वॉर्ड यांची हकीकत डॉब्ज व क्रेमर यांनी लिहून ठेवली ती १९७५ मध्ये.